नाताळच्या झाडासाठी हाताने केलेली भेट पुढच्या नाताळपर्यंत टिकेल का?

डिसेंबर सुरू झाला की इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर एका प्रकारचे व्हिडिओ हमखास समोर येतात. मैदा, मीठ आणि पाणी एकत्र मळायचं, साच्याने चांदण्या कापायच्या, ओव्हनमध्ये सुकवायच्या, वर रंग द्यायचा आणि लाल रिबन ओवायची. अर्ध्या मिनिटात ख्रिसमस ट्रीवर लटकवायची वस्तू तयार होते. मैत्रिणीला, शेजाऱ्यांना किंवा मुलांच्या शिक्षिकेला भेट द्यायला ही कल्पना छान वाटते. खर्च कमी आणि हाताने केल्याचं समाधान वेगळं.

पण व्हिडिओ संपतो, तिथून पुढे त्या वस्तूची खरी परीक्षा असते. ट्रीवर लटकवायची वस्तू ही इतर भेटींसारखी नसते. ती दोन-तीन आठवडे दिसते, मग अकरा महिने खोक्यात राहते आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा बाहेर येते. मुंबई, वसई, रत्नागिरी किंवा गोव्यात त्या अकरा महिन्यांत चार महिने पावसाळ्याचे असतात. युरोप-अमेरिकेत वर्षानुवर्षं टिकणाऱ्या काही वस्तू आपल्याकडे ऑगस्टपर्यंत ओलसर होऊन जातात.

त्यामुळे भेट द्यायची असेल, तर 'दिसायला काय सुंदर आहे' यापेक्षा 'आपल्या हवेत काय टिकतं' हा प्रश्न आधी विचारावा लागतो. त्याचं उत्तर काय? आणि मुळात झाडावर वस्तू लटकवायची ही पद्धत आली कुठून?

झाडावर आधी काय लटकवायचे?

ख्रिसमस ट्रीची पद्धत जर्मन भाषा बोलणाऱ्या प्रदेशांतून आली. १६०५ साली स्ट्रासबुर्ग शहराबद्दल लिहिलेल्या एका नोंदीत, तिथले लोक नाताळला घरात देवदारासारखं झाड उभं करतात आणि त्यावर रंगीत कागदाची गुलाबं, सफरचंदं, पातळ बिस्किटं, सोनेरी वर्ख आणि साखरेचे पदार्थ लटकवतात, असा उल्लेख आहे. आज फ्रान्समध्ये असलेलं स्ट्रासबुर्ग तेव्हा जर्मन संस्कृतीचं शहर होतं.

सफरचंदामागे धार्मिक कारण होतं. २४ डिसेंबर हा दिवस आदाम आणि हव्वा यांच्या नावाने पाळला जायचा. त्या दिवशीच्या नाटकांत नंदनवनातलं झाड म्हणून सफरचंदं लावलेलं झाड उभं केलं जायचं. घरातल्या झाडावरच्या लाल गोळ्यांचं मूळ बरेच अभ्यासक या सफरचंदांमध्ये पाहतात.

म्हणजे सुरुवातीची जवळजवळ सगळी सजावट घरातली होती आणि तिचा बराचसा भाग खाण्याचा होता. ती पुढच्या वर्षी टिकेल ही अपेक्षाच नव्हती. सण संपला की मुलं झाडावरचा खाऊ खाऊन टाकायची.

मग काचेचे गोळे कधी आले?

जर्मनीच्या थुरिंगिया भागात लाउशा नावाचं डोंगराळ गाव आहे. तिथे १५९७ पासून काच बनते. खरी सफरचंदं आणि अक्रोड परवडत नव्हते, म्हणून एका गरीब कारागिराने आपल्या मुलांसाठी काचेची फळं फुंकली, अशी कथा तिथे सांगितली जाते. लिखित नोंद मिळते ती १८४८ सालची. त्या वर्षीच्या एका ऑर्डरच्या वहीत नाताळच्या काचेच्या गोळ्यांचा उल्लेख आहे.

त्याच वर्षी, १८४८ मध्ये, इंग्लंडमधल्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुलं सजवलेल्या झाडाभोवती उभी असल्याचं चित्र छापून आलं. अल्बर्ट मूळचे जर्मन. या चित्रामुळे इंग्लंडमध्ये आणि पुढे अमेरिकेत ट्रीची हौस झपाट्याने वाढली. १८८० च्या दशकात अमेरिकेतले व्यापारी एफ. डब्ल्यू. वूलवर्थ यांनी आपल्या स्वस्त वस्तूंच्या दुकानांत लाउशाचे गोळे विकायला सुरुवात केली आणि घरगुती सजावटीचा मोठा व्यापार झाला.

लाउशाचे हे गोळे मोठ्या कारखान्यात नव्हे, तर घराघरांत बनायचे. घरातला पुरुष ज्योतीवर काच फुंकायचा, बायका गोळ्याच्या आत चांदीचं द्रावण फिरवून त्याला आरशासारखी झळाळी द्यायच्या, मुलं रंगकाम आणि बांधणीला हात लावायची. दुकानात तयार मिळणारा 'विकतचा' गोळासुद्धा एका कुटुंबाने स्वयंपाकघराशेजारी बसून केलेला असायचा.

भारतातही याच्या जवळचं उदाहरण आहे. श्रीनगरमधले पेपर मॅशेचे कारागीर कागदाच्या लगद्याचे गोळे, चांदण्या आणि घंटा बनवतात आणि त्यांवर बारीक नक्षी रंगवतात. दर वर्षी नाताळसाठी हा माल परदेशी जातो. युरोपातल्या कित्येक झाडांवर काश्मिरी चिनारची पानं रंगवलेले गोळे लटकत असतात.

काच आणि पेपर मॅशे यांमुळे झाडावरच्या वस्तूचं स्वरूप बदललं. ती खाऊन संपवायची राहिली नाही. ती जपून ठेवायची आणि दर वर्षी काढायची झाली. भेट म्हणून तिला जी किंमत आली ती इथूनच. खोकं उघडलं की 'हा गोळा आत्याने दिलेला', 'ही चांदणी बाळ झालं त्या वर्षीची' असं आपोआप बोललं जातं.

मिठाच्या कणकेचं पावसाळ्यात काय होतं?

आता व्हिडिओमधल्या त्या पांढऱ्या चांदणीकडे येऊ. २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ आणि साधारण १ वाटी पाणी हे तिचं नेहमीचं प्रमाण. जर्मनी आणि अमेरिकेत ही पद्धत लोकप्रिय आहे. तिथे हिवाळ्यात घरं गरम ठेवतात, त्यामुळे घरातली हवा कोरडी असते आणि चांदणी दगडासारखी कडक राहते.

आपल्याकडे अडचण होते ती मिठामुळे. मीठ हवेतलं बाष्प ओढतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ नुसतं दमट होत नाही, तर ओढलेल्या पाण्यात विरघळायला लागतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ते यामुळेच. म्हणून तर पुष्कळ घरांत मिठात तांदळाचे दाणे टाकतात. कोकण किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर या काळात आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर जाणं हे रोजचंच असतं. पुण्या-नाशकातही पावसाच्या दिवसांत ती सहज तिथे पोचते.

म्हणजे डिसेंबरात खणखणीत वाटलेली चांदणी जुलैमध्ये खोक्यात मऊ पडते, रंगाला फुगे येतात, दोऱ्याचं भोक फाटतं आणि शेजारच्या वस्तूंनाही ओल लागते.

वरून व्हार्निश लावलं तर? फायदा होतो, पण दोन अटींवर. एक, चांदणी आतपर्यंत सुकलेली हवी. ओव्हनमध्ये १०० ते १२० अंश सेल्सिअसवर जाडीप्रमाणे दोन-तीन तास लागतात. घाई केली तर आतली ओल व्हार्निशखाली अडकते. दोन, व्हार्निश पुढे, मागे, कडांना आणि भोकाच्या आतही लागलं पाहिजे. बहुतेकांचं भोक राहून जातं आणि ओल तिथूनच शिरते.

घरात कुत्रा असेल तर आणखी एक धोका आहे. मिठाची कणीक कुत्र्याने खाल्ली, तर शरीरात मिठाचं प्रमाण वाढून जिवावर बेतू शकतं. कुत्र्या-मांजरांच्या घरी अशी भेट देऊ नये. कुत्र्याने खाल्लीच, तर उलटी होण्याची वाट न बघता पशुवैद्यांना लगेच फोन करावा.

मग मिठाची कणीक वापरूच नये का? मुलांसोबत एक दुपार मजेत घालवायची असेल आणि वस्तू एकाच मोसमापुरती हवी असेल, तर जरूर वापरावी. पण जी वस्तू दुसऱ्याच्या घरी वर्षानुवर्षं राहावी असं वाटतं, तिच्यासाठी पुढचे तीन पर्याय जास्त भरवशाचे आहेत.

पहिला पर्याय: कागदाचं विणलेलं हृदय

डेन्मार्कमध्ये जवळजवळ प्रत्येक घरात नाताळच्या आधी मुलं आणि मोठी माणसं एकत्र बसून कागदाची हृदयं विणतात. परीकथा लिहिणारे हॅन्स ख्रिश्चन अँडरसन हेही कागद कापण्यात तरबेज होते. त्यांनी १८६० मध्ये केलेलं असं एक हृदय आजही जपून ठेवलेलं आहे. कागदाची वस्तू दीडशेहून अधिक वर्षं टिकू शकते, याचा हा पुरावाच.

यासाठी ना डिंक लागतो, ना ओव्हन. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला वापरायचा तो घोटीव कागद किंवा जरा जाडसर रंगीत कागद चालतो. कार्डपेपर घेऊ नये, तो वळत नाही.

लाल आणि पांढरा, अशा दोन रंगांच्या कागदाची प्रत्येकी एक पट्टी कापा. पट्टी ७ सेंटिमीटर रुंद आणि २२ सेंटिमीटर लांब हवी. ती मधोमध दुमडली की ७ बाय ११ सेंटिमीटरची दुहेरी पट्टी होते. दुमडलेल्या कडेकडून आत साडेसात सेंटिमीटर लांबीच्या दोन समांतर चिरा द्या, म्हणजे सारख्या रुंदीचे तीन पट्टे होतील. दुहेरी असल्यामुळे प्रत्येक पट्टा बोट घालता येईल असा उघडतो. न दुमडलेलं दुसरं टोक कात्रीने अर्धगोल कापा. दुसऱ्या रंगाच्या पट्टीचंही असंच करा.

आता विणायचं. दोन्ही तुकडे एकमेकांशी काटकोनात धरा. लाल तुकड्याचा पहिला पट्टा पांढऱ्याच्या पहिल्या पट्ट्याच्या पोटातून न्या. दुसरा पांढरा पट्टा लालच्या पोटात घ्या. तिसऱ्या पांढऱ्याच्या पुन्हा पोटातून जा. दुसऱ्या लाल पट्ट्याला क्रम उलटा करा आणि तिसऱ्याला परत पहिल्यासारखा. चटई विणताना पट्टी वरून-खालून जाते, इथे ती आतून-बाहेरून जाते. एवढा फरक लक्षात आला की बाकी जमतं. चीर रुंदीपेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त ठेवली आहे ती शेवटचा पट्टा ओढून घ्यायला जागा मिळावी म्हणून. ती अगदी नेमकी ७ सेंटिमीटर ठेवली, तर शेवटी कागद फाटतो.

नीट विणलं गेलं तर हृदय वरून पिशवीसारखं उघडतं. वर १ सेंटिमीटर रुंद कागदाची मूठ चिकटवली की लटकवता येतं. डेन्मार्कमध्ये त्यात बदाम, मनुका किंवा छोटी बिस्किटं भरतात. आपल्याकडे चिक्कीचा तुकडा, कागदात गुंडाळलेली खोबऱ्याची वडी किंवा कुलकुल ठेवता येतात. सण संपला की खाऊ काढून हृदय चपटं करून पुस्तकात ठेवायचं. पावसाळ्यात कागद थोडा सैल पडतो, पण विरघळत नाही. पाकिटात घालून पोस्टाने पाठवायलाही ही सगळ्यात सोपी भेट आहे.

दुसरा पर्याय: सोडा आणि कॉर्नफ्लोअरची माती

मिठाच्या कणकेसारखी पांढरी, साच्याने कापता येणारी वस्तूच हवी असेल, तर मिठाऐवजी खायचा सोडा घ्यावा. २ वाट्या सोडा, १ वाटी कॉर्नफ्लोअर आणि सव्वा वाटी पाणी एकत्र करून मंद आचेवर सतत हलवत राहायचं. सुरुवातीला पाणचट दिसतं, मग एकदम घट्ट होतं. कुस्करलेल्या बटाट्यासारखं झालं की गॅस बंद करायचा. आणखी परतलं तर वाळल्यावर भेगा पडतात.

गोळा ओल्या फडक्याने झाकून गार करावा, मग नीट मळून पोळपाटावर अर्धा सेंटिमीटर जाडीचा लाटावा. चांदणी, घंटा, कबुतर, देवदूत असे आकार कापावेत. साचे नसतील तर वाटी आणि बाटलीचं झाकणही पुरतं. दोऱ्यासाठी भोक सरबताच्या स्ट्रॉने पाडावं, तेही कडेपासून निदान १ सेंटिमीटर आत. फार कडेला पाडलेलं भोक वाळताना तडकतं.

वाळवण्यासाठी ऊन लागत नाही. उलट कडक उन्हात एक बाजू आधी आक्रसते आणि वस्तू वाकते. जाळीवर किंवा कोऱ्या कागदावर सावलीत ठेवून दिवसातून दोनदा उलटायची. एक-दोन दिवसांत वाळते. हा पदार्थ मिठाच्या कणकेपेक्षा जास्त पांढरा आणि गुळगुळीत होतो. वर अॅक्रिलिक रंग आणि रंग वाळल्यावर व्हार्निशचे दोन हात द्यावेत. इथेही भोकाच्या आतली बाजू विसरू नये. मिठासारखं पाणी याला सुटत नाही, तरी स्टार्च असल्यामुळे उघडं ठेवलं तर बुरशी किंवा झुरळं लागू शकतात. जनावरांनी ही वस्तूही खाणं योग्य नाही, म्हणून ती झाडाच्या वरच्या फांद्यांवर लावायला सांगावं.

तिसरा पर्याय: जुन्या कपड्याचा तुकडा

सगळ्यात टिकाऊ आणि भेट म्हणून सगळ्यात बोलकी वस्तू कापडाची होते. परदेशात यासाठी फेल्ट वापरतात. आपल्याकडे शिवणकामातून उरलेले खणाचे तुकडे, साडीचे जुने काठ, इरकलीचा पदर हे सगळं घरातच असतं.

साधा गोल किंवा घंटेचा आकार घ्यावा. चांदणी दिसते छान, पण तिचे आतले कोपरे उलटवताना नवशिक्यांची तारांबळ उडते. सारखे दोन तुकडे कापून, सुलट बाजू आत ठेवून कडेने टीप मारायची आणि २-३ सेंटिमीटर जागा उघडी सोडायची. गोलाच्या कडेला टिपेच्या बाहेर छोटे छोटे काप द्यायचे, म्हणजे उलटल्यावर चुण्या पडत नाहीत. कापड उलटून आत कापूस भरायचा, वर दोऱ्याचा फास ठेवून तोंड शिवून टाकायचं. कापूस ठासून भरू नये, वस्तू जड होते.

ज्या माणसाला भेट द्यायची, त्याच्याशी जोडलेलं कापड मिळालं तर वस्तूची किंमतच बदलते. आजीच्या साडीच्या काठाच्या पाच घंटा केल्या आणि पाच नातवंडांना एकेक दिली, तर दर वर्षी पाच घरांत ती साडी बाहेर निघते. जुनी रेशमी साडी घडीवर विरलेली असते. तसं कापड घेताना मागून पातळ सुती अस्तर लावावं.

संत्र्याच्या सुकवलेल्या चकत्यांचं काय?

या चकत्याही व्हिडिओंमध्ये भरपूर दिसतात. उन्हात धरल्या की काचेसारख्या चमकतात आणि सुगंधही येतो. पण त्या करताना नागपुरी संत्रं घेतलं तर बहुतेक वेळा निराशा होते. त्याची साल सैल असते, त्यामुळे चकती सुकताना साल आणि गर वेगळे होतात. मोसंबी किंवा माल्टासारखं घट्ट सालीचं फळ घ्यावं. पाऊण सेंटिमीटरपेक्षा पातळ चकत्या कापून, कपड्याने टिपून, ९० ते १०० अंशांवर तीन-चार तास, मधूनमधून उलटत सुकवाव्यात.

तरीही फळात साखर असते आणि साखर ओल धरते. आपल्या हवेत ही एका मोसमाचीच वस्तू समजावी. भेटीच्या पुडीवर दालचिनीच्या काडीसोबत बांधायला ती उत्तम, पण पुढच्या वर्षासाठी जपून ठेवायला नाही.

दोरा, वजन आणि चमकी: छोट्या पण महत्त्वाच्या गोष्टी

वस्तू चांगली झाली तरी ती लटकवताना फजिती होऊ शकते. आपल्याकडे बहुतेक घरांत ट्री प्लास्टिकची आणि लहान असते. तिच्या फांद्या फार वजन पेलत नाहीत. वस्तू एकदा फांदीच्या टोकाला लटकवून पाहावी. टोक खाली झुकलं तर वस्तू जड आहे, असं समजावं.

दोरा सुती किंवा सॅटिनचा घ्यावा आणि फास निदान १०-१२ सेंटिमीटरचा ठेवावा. साध्या लोखंडी तारेचा हूक आपल्या हवेत गंजतो आणि त्याचे डाग वस्तूवर उतरतात. लहान मुलं असलेल्या घरी मणी, टिकल्या आणि तुटून सुटे होणारे भाग टाळावेत.

चमकीबद्दलही विचार करायला हवा. नेहमीची चमकी म्हणजे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म तुकडे असतात. ते घरभर होतात आणि धुण्याच्या पाण्यातून पुढे जातात. युरोपीय संघाने २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले आहेत. झळाळी हवी असेल तर सोनेरी अॅक्रिलिक रंगाची एक रेघ किंवा जरीचा दोरा पुरेसा होतो.

मागच्या बाजूला काय लिहावं?

हाताने केलेल्या भेटीत लोक नेमकी हीच गोष्ट विसरतात. वस्तूच्या मागे देणाऱ्याचं नाव आणि साल लिहावं. जमलं तर प्रसंगही लिहावा: 'नव्या घरातला पहिला नाताळ', 'अनयाची पहिली चांदणी'. दहा वर्षांनी खोकं उघडणाऱ्याला ही वस्तू कोणाची हे आठवेलच असं नाही.

जेल पेनची शाई ओलीने पसरते आणि बऱ्याच स्केचपेनांचा रंग काही वर्षांत उडतो. कागदावर साधी शिसपेन्सिल सगळ्यात चांगली, तिचा रंग उडत नाही. सोड्याच्या मातीवर ओली असतानाच दाभणाने अक्षरं कोरावीत. कापडावर दोन अक्षरं आणि साल दोऱ्याने भरावं.

भेट कधी आणि कशी द्यावी?

नाताळच्या दिवशी दिलेली ट्रीची वस्तू खरं तर उशिरा पोचलेली असते, कारण झाड आधीच सजलेलं असतं. बऱ्याच ख्रिस्ती घरांत ६ जानेवारीच्या, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या सुमारास सजावट उतरवतात. २५ तारखेला दिलेल्या वस्तूला जेमतेम १२ दिवस मिळतात. म्हणून नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळात, डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ती देणं बरं.

गोव्यात आणि वसईत नाताळला शेजाऱ्यांकडे फराळाचं ताट पाठवायची पद्धत आहे. नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, केक असं बरंच काही त्यात असतं. हिंदू शेजाऱ्यांकडून दिवाळीत गेलेल्या फराळाची ती परतफेडही असते. आलेलं ताट रिकामं परत पाठवू नये, हा आपल्याकडचा जुना रिवाज. त्या ताटात परत ठेवण्यासाठी हाताने केलेल्या घंटेइतकी योग्य वस्तू दुसरी सापडणं कठीण आहे. शिवाय दिवाळीच्या आकाशकंदिलाचा उरलेला रंगीत कागद नेमका याच वेळी घरात असतो.

परदेशातल्या नातेवाइकांना पाठवताना मात्र साहित्य बघून निवडावं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत झाडा-फळांपासून केलेल्या वस्तूंबाबत नियम कडक आहेत. सुकवलेल्या चकत्या, बिया, पाइनची बोंडं किंवा गवताच्या चांदण्या विमानतळावर किंवा पोस्टातच अडकू शकतात. तिथे कागद आणि शिवलेलं कापड हेच सोयीचं. कापडी वस्तूत कापूस भरण्याऐवजी कापडाच्याच चिंध्या किंवा फायबर भरावं.

अकरा महिने सांभाळायचं कसं?

भेटीबरोबर ती ठेवायची रीतही सांगितली, तर ती नक्की टिकते. पुठ्ठ्याचं खोकं पावसाळ्यात ओल धरतं, म्हणून घट्ट झाकणाचा डबा बरा. जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबाही चालतो. वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळू नये, शाई लागते. मऊ सुती कापड किंवा कोरा पातळ कागद वापरावा. नवीन बूट किंवा पर्ससोबत आलेल्या सिलिका जेलच्या पुड्या फेकून न देता या डब्यात टाकाव्यात, मात्र मुलांच्या हाताला लागू देऊ नयेत. कापडी वस्तूंजवळ कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा चार लवंगा ठेवायची घरगुती पद्धत आहेच.

डबा जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नये, कारण ओल तिथून येते. कपाटाचा वरचा खण चांगला. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात डबा एकदा उघडून वस्तूंना वारा द्यावा. कुठे बुरशीचा ठिपका दिसला तर ती वस्तू बाजूला काढावी, म्हणजे बाकीच्या वाचतात.

एका संध्याकाळी दोन-तीन कागदी हृदयं सहज विणून होतात. सोड्याच्या घंटा वाळून रंगवेपर्यंत तीन दिवस जातात. म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरुवात केली, तरी पुढच्या आठवड्यात त्या शेजारच्या झाडावर असतील. पुढच्या डिसेंबरात शेजाऱ्यांनी डबा उघडला, मागचं नाव आणि साल वाचलं आणि तीच घंटा पुन्हा फांदीला अडकवली, की ती भेट खऱ्या अर्थाने पोचली.